तुझ्या दुखण्याचं नाव

प्रिय मावशी,

आधी चष्मा शोध, मग नीट टेकून बस. हे पत्र लांबणार आहे. फोनवर आपण दोघी ‘मी मजेत, तू कशी आहेस’ म्हणण्यात इतक्या पटाईत झालो आहोत, की खरं काही सांगायची वेळ आली की मला माझ्याच आवाजाची भीती वाटते. कागद बरा. तो मधेच ‘हॅलो, आवाज तुटतोय’ म्हणत नाही. शिवाय सध्या मला वेळच वेळ आहे. गेले काही आठवडे मी रजेवर आहे आणि खिडकीशी ओढलेल्या पलंगावर पडून आहे. दुपारी पडदा लावला की खोलीत पाण्याखाली असावा तसा उजेड होतो. मी जागी आहे की झोपेत, माझं मलाच कळत नाही. त्या उजेडात हल्ली तू सारखी येतेस. पलंगाच्या कडेला बसतेस, आणि मी हात पुढे केला की तिथे नुसती उशी असते.

घाबरू नकोस, मी बरी आहे. माझं ऑपरेशन झालं. पोटाचं, दुर्बिणीतून. पोटावर अगदी बारक्या खुणा आहेत. तुझे जावई म्हणतात, शर्टाची बटणं चुकीच्या जागी लावल्यासारख्या दिसतात. हे अजूनही गावभर लिफ्ट दुरुस्त करत हिंडतात. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना धीर देऊन बाहेर काढणं हा यांचा डाव्या हाताचा मळ, पण मी कण्हले की यांचे हातपाय गळतात आणि हे सूप करायला घेतात. सकाळी सूप, दुपारी सूप, पाहुणे आले तर पाहुण्यांना सूप. ऑपरेशनच्या वेळी पोटात हवा भरतात, ती नंतर खांद्यात जाऊन दुखते, हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. पहिले दोन दिवस पोट राहिलं बाजूला आणि मी खांदा धरून बसले होते. किती गंमत, असं वाटलं. इतकी वर्षं दुखलं कुठे आणि आता दुखतंय कुठे.

पण मी गोष्ट मधूनच सुरू केली. खरी सुरुवात आपल्या जुन्या घरात, बोळाच्या टोकाला असलेल्या तुझ्या खोलीत आहे.

तू तेव्हा मोजणी खात्यात नकाशे काढायचीस. तुझ्या बोटांना कायम शाईचा वास असायचा आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन धरून घट्टा पडला होता. महिन्यातले काही दिवस तुझ्या खोलीचं दार लागलेलं असायचं. बाकी कुणी आत जायचं नाही, मी जायचे. तू पालथी पडलेली असायचीस, पोटाखाली गरम पाण्याची पिशवी, आणि हिरव्या पडद्यांमुळे तुझा चेहराही हिरवट दिसायचा. मी गुपचूप शेजारी आडवी व्हायचे. कळ येऊन गेली की मधे जी उसंत मिळायची, त्यात तू माझ्या पाठीवर बोटाने नकाशा काढायचीस. हा डोंगर, ही त्याची उतरण, ही नदी, इथे पूल, पुलावर एक खारुताई. मला गुदगुल्या व्हायच्या आणि मी हसले की तूही हसायचीस, जपून, हसण्याचा धक्का पोटाला लागू नये अशी. मला तेव्हा वाटायचं की मोठ्या बायकांची ही एक सुट्टीच असते, हिरव्या खोलीत पडून राहायची. आई का घेत नाही, याचंच नवल वाटायचं.

आई तर तुला माहीतच आहे. शाळेत खेळाची शिक्षिका, गळ्यात शिट्टी, आणि जगातलं कुठलंही दुखणं मैदानाला फेऱ्या मारल्या की पळून जातं अशी खात्री. बोळातून जाता-येता ती ‘लोळत पडलं की जास्तच दुखतं’ असं म्हणायची, दाराला ऐकू जाईल अशा बेताने. ती दुष्ट नव्हती गं. तिला खरंच तसं वाटायचं. तिची पाळी कधी आली आणि कधी गेली, घरात कुणाला पत्ता नसायचा. मग आपल्याच पाठच्या बहिणीला एवढं काय होतं, हे तिच्या डोक्यात शिरतच नव्हतं. तुझं अपेंडिक्स काढलं हे मी मोठ्यांच्या बोलण्यातून ऐकलेलं. अपेंडिक्स गेलं, दुखणं राहिलं. मग एका डॉक्टरांनी तुला झोपेच्या गोळ्या दिल्या आणि आजोबांना बाजूला घेऊन ‘हे मनाचं आहे’ असं सांगितलं. तेव्हापासून घरात तुझा विषय निघाला की सगळे आवाज खाली आणायचे. तू लग्न होऊन गेलीस आणि वर्षाच्या आत एका पेटीसकट परत आलीस, तेव्हा तर आवाज इतके खाली गेले की दाराला कान लावूनही मला काही ऐकू आलं नाही. पुढे मोजणी खात्याला तुझ्या रजा जड झाल्या. आणि मग आजोबा गेल्यावर थोड्याच दिवसांत तूही गेलीस, समुद्राकाठच्या गावात, वाचनालयाच्या नोकरीवर. मी विचारलं तेव्हा सांगण्यात आलं, मावशीला हवा बदलायची आहे.

माझी पाळी सुरू झाली ती तू गेल्यानंतर. पहिल्याच वर्षी मी शाळेच्या स्वच्छतागृहात फरशीला गाल लावून बसले होते, कारण फरशी गार होती आणि बाकी सगळं पेटलं होतं. आई मला घरी घेऊन आली, गोळी दिली, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, ‘सगळ्यांनाच दुखतं, खारू. सवय होते.’ झाली. म्हणजे दुखण्याची नाही, लपवण्याची. कुठल्या खुर्चीत एका अंगावर कलून बसता येतं, कुठल्या बसला उभं राहावं लागत नाही, कुठला स्वेटर गरम पाण्याची पिशवी झाकतो, हे मला पाठ झालं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, लग्न झालं की थांबेल. लग्न झाल्यावर म्हणाले, मूल झालं की थांबेल. मूल होईना. संडासला जाताना ब्रह्मांड आठवायचं, म्हणून मी पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ताण कमी करा म्हणून सांगितलं. सोनोग्राफी केली, ती स्वच्छ आली. ती स्वच्छ आली म्हणून सगळे खूश झाले आणि मी घरी येऊन रडले. तुला कळेल मी का रडले ते. बाकी कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, हिला आजार हवाय.

आता तुला माझ्या तारांगणाविषयी सांगते, कारण सगळं तिथे घडलं. मी तिथे काम करते हे तुला माहीत आहे, पण काय करते हे मी कधी नीट सांगितलंच नाही. मोठा घुमट आहे. लोक मागे कललेल्या खुर्च्यांत बसतात, दिवे मंद होत जातात, आणि मग अंधारात मी बोलते. माझ्या बोलण्याची ध्वनिमुद्रित फीत वगैरे नाही, मी रोज नव्याने बोलते. एका बाजूला उंच मेजापाशी उभी राहते, समोर छोटा तांबडा दिवा, आणि यंत्र चालवणारे काका घुमटाच्या मधोमध. त्यांना सगळे ‘ब्रह्मदेव’ म्हणतात, कारण ते बटण दाबून सूर्य मावळवतात. मला ते काम फार आवडतं, मावशी. अंधारात माणसं लहान होतात. टाय लावलेले पुरुषसुद्धा पहिला तारा दिसला की ‘अरे!’ म्हणतात. आणि मला त्या अंधाराचा आणखी एक फायदा होता: मी मेजाला पोट टेकवून, कळ आली की ओठ चावून, आवाज तेवढा सरळ ठेवू शकायचे. लोकांना वाटायचं, बाई किती भारावून बोलतात, मधे मधे थांबतात. मी श्वास गोळा करत असायचे.

त्या दिवशी एका शाळेची मुलं आली होती. मी त्यांना सांगत होते की आपण बघतो तो उजेड कधीचा निघालेला आहे, आणि अचानक माझ्या कमरेतून मांडीत अशी कळ उतरली की पुढचं वाक्यच सापडेना. मी मेज धरलं, मग मेजाचा पाय धरला, मग जमिनीवर बसले. ब्रह्मदेवांना अंधारात काही दिसलं नाही, पण माझा आवाज थांबलेला कळला असावा. त्यांनी आकाश बंद केलं नाही. ते हळूहळू फिरवत राहिले, नुसतं, गुपचूप. मुलांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. एवढी मुलं आणि कुणाचा आवाज नाही, वर तारे सरकताहेत, आणि मी खाली गालिच्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडले आहे. तुला विचित्र वाटेल असं सांगते, पण इतकं सुंदर आकाश मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. मी रोज ते दाखवायचे. बघायचं राहूनच गेलं होतं.

मुलं बाहेर गेली, आणि त्यांच्या बाई मागे राहिल्या. उंच, आखूड केसांच्या. त्यांनी पाणी वगैरे विचारलं नाही. माझ्याशेजारी सरळ जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘एक विचारू? हे दर महिन्याला होतं ना?’ मी मान हलवली. ‘संडासला जाताना कळ येते? मांडीत उतरते? पाळी नसतानाही ओटीपोट जड असतं?’ मी तीनदा हो म्हटलं. मग त्यांनी वर बघत, जणू ताऱ्यांनाच विचारताहेत अशा आवाजात विचारलं, ‘नवऱ्याजवळ जाताना दुखतं?’ मावशी, अख्ख्या जगाला आकाशातली अंतरं सांगणारी मी, गालिच्याचे धागे उपटत राहिले. इतक्या डॉक्टरांपैकी एकानेही मला हे विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘मलाही आहे. मला बसमधल्या एका अनोळखी बाईने सांगितलं होतं. आता मी तुम्हाला सांगते.’ आणि त्यांनी मला ते नाव सांगितलं. एंडोमेट्रिओसिस. जीभ अडखळेल असं नाव आहे, दुखण्याइतकंच आडमुठं. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं माझ्याकडून, वर्गात घेतात तसं. मग आपल्या डॉक्टरांचा पत्ता दिला आणि मुलांना ओरडायला निघून गेल्या, कारण बाहेर मुलांनी उच्छाद मांडला होता.

या डॉक्टरबाईंची खोली लहानशी आहे, टेबलावर एक दिवा आणि खूपच वाढलेलं एक रोप. मी बोलायला लागल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. मला ते पेन खाली ठेवणं अजून आठवतं. माझे रिपोर्ट बघून त्या म्हणाल्या, ‘रिपोर्ट चांगला आहे, पण म्हणून तुम्हाला दुखत नाही असं होत नाही. हे साध्या सोनोग्राफीत नेहमी दिसतंच असं नाही, बघणाऱ्याला काय शोधायचंय ते माहीत असावं लागतं.’ त्यांनी स्वतः नीट तपासलं, मग एमआरआय करायला लावला. आणि मग एका कोऱ्या कागदावर मला माझंच पोट काढून दाखवलं. गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक अस्तर तयार होतं आणि पाळीत बाहेर पडतं, हे आपल्याला शाळेत शिकवलेलं. काही बायकांच्या पोटात तशाच जातीचं अस्तर भलत्याच ठिकाणी वाढतं, अंडाशयावर, आतड्यावर, गर्भाशयाच्या मागे. पाळीच्या दिवसांत तेही सुजतं, रक्ताळतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग आत जखमा होतात, जखमा भरताना अवयव एकमेकांना चिकटतात. माझ्या डाव्या अंडाशयात जुन्या रक्ताची गाठ होती. तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. हे नाव ठेवणाऱ्याला माझ्यासमोर आणा, असं मी म्हटलं तेव्हा डॉक्टरबाई पहिल्यांदा हसल्या. का होतं ते अजून पुरतं कुणाला माहीत नाही, म्हणाल्या. पण नाजूक असण्याने होत नाही, विचार करण्याने होत नाही, लग्न न करण्याने, उशिरा करण्याने, मैदानाला फेऱ्या न मारण्याने होत नाही.

‘जवळ येताना दुखतं का’ हे त्यांनी आमच्या दोघांसमोरच विचारलं, हवापाणी विचारावं तसं. मी हो म्हटलं. हे माझ्याकडे बघतच राहिले. बाहेर आल्यावर जिन्यात थांबले, लिफ्टवाला माणूस लिफ्ट सोडून जिन्याने निघाला होता बघ, आणि म्हणाले, ‘मला वाटायचं मीच तुला आवडेनासा झालोय.’ आम्ही किती दिवस पाठीला पाठ लावून झोपत होतो आणि दोघंही काय काय समजत होतो! त्या जिन्यात मला तुझी ती पेटी आठवली. तू वर्षाच्या आत परत आलीस ती. मला तुझ्या संसारातलं काही माहीत नाही आणि तू सांगू नकोस, सांगावंसं वाटलं नाही तर. फक्त एवढंच, की जिन्यात उभ्या उभ्या मला तुझ्यासाठी फार वाईट वाटलं.

डॉक्टरबाईंनी आधी गोळ्या देऊन बघितल्या, पाळी थांबवून ठेवणाऱ्या. काही महिने घेतल्या, बराच फरक पडला, पण आतड्याचं दुखणं हटेना आणि गाठ वाढत होती. मग ऑपरेशन ठरलं. त्या भेटीला आई आली होती. कोट घालून, पर्स मांडीवर घट्ट धरून, मुख्याध्यापकांनी बोलावल्यासारखी. डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? आई, मावशी, बहीण?’ आई पटकन म्हणाली, ‘नाही.’ मी तिच्याकडे बघितलं. ती त्या वाढलेल्या रोपाकडे बघत होती. मला वाटलं, बोलले तर ती उठून जाईल.

भूल दिली तेव्हाचं तुला सांगायचंय. कुणीतरी माझ्या कपाळावर हात ठेवला आणि छत हळूहळू उंच होत घुमट झालं. मी त्याखाली पोहत होते. पाणी कोमट होतं, आणि दूर तू कमरेइतक्या पाण्यात उभी राहून पाण्यावरच रेघा काढत होतीस. रेघा पुसल्या जात नव्हत्या. तू मान वर न करता म्हणालीस, ‘थांब, इथला उतार नीट येत नाहीये.’ मी थांबले. किती वेळ थांबले कोण जाणे. कुठे दुखत नव्हतं. मग कुणीतरी मला हाका मारायला लागलं, आणि मला खरं सांगायचं तर परत यायचंच नव्हतं.

मी तिकडे पोहत असताना बाहेर जे झालं ते मला यांनी सांगितलं. आई दवाखान्याच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होती. डॉक्टरबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, सगळं नीट झालं. गाठ काढली, जिथे जिथे दिसलं ते काढलं, तुकडे तपासायला पाठवले आहेत. मग म्हणाल्या, ‘आतडं आणि गर्भाशय एकमेकांना चिकटून बसली होती. सोडवायला वेळ लागला. ही मुलगी इतकी वर्षं उभ्याने काम करत होती, याचंच मला नवल वाटतं.’ आई बाकावर बसली. मग तिने विचारलं, ‘डॉक्टर, ज्यांना हे असतं त्यांना अजिबात उठता येत नाही, असं होऊ शकतं? म्हणजे अगदी उठायचंच असं ठरवलं तरी?’ डॉक्टरबाई म्हणाल्या, होऊ शकतं, काहींची शुद्धही हरपते. ‘बाहेरून कुणी हाका मारल्या, दार ठोठावलं, तरी?’ डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘हाका ऐकू येतात. ओ देता येत नाही.’ तेव्हा आई म्हणाली, ‘मागे तुम्ही विचारलं होतं. माझ्या बहिणीला होतं.’

आजोबा गेले त्या दिवशी काय झालं होतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. घरी आल्यावर एका दुपारी, माझ्या अंगावरची चादर सारखी करता करता, आईने सांगितलं. आजोबा दवाखान्यात होते. सकाळी त्यांच्याजवळ बसायचं तुझ्याकडे होतं, आणि तू आलीच नाहीस. आईने फोन केले, कुणी उचलला नाही. शेवटी आजोबांना एकटं सोडून ती घरी धावत आली. न्हाणीघराचं दार आतून बंद. तिने हाका मारल्या, दार ठोठावलं, आतून ओ नाही. दाराखालच्या फटीतून तुझा हात दिसत होता आणि तो हलत होता, म्हणून तिला वाटलं, तू ऐकतेयस आणि मुद्दाम उत्तर देत नाहीस. ती तशीच परत गेली, तोवर आजोबा गेले होते. जवळ कुणी नव्हतं. संध्याकाळी तू भिंत धरत धरत दवाखान्याच्या पायऱ्यांवर आलीस, आणि सगळ्यांदेखत ती तुला म्हणाली, ‘तुझं दुखणं बरोबर वेळ साधून येतं.’ तू काहीच बोलली नाहीस. तिला सगळ्यात जास्त राग त्याचा आला होता, म्हणाली. खरं असतं तर ही बोलली नसती का, असं तिला वाटलं. आणि हे सांगताना, मावशी, माझी आई, जिने मला पडले तरी रडू दिलं नाही, ती चादरीच्या चारही कोपऱ्यांना पुन्हा पुन्हा हात लावत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं.

आता मी कशी आहे ते सांगते. तपासणीचा निकाल आला, तेच होतं. हे कायमचं गेलं असं डॉक्टरबाई म्हणत नाहीत. पुन्हा डोकं वर काढू शकतं, म्हणून गोळ्या चालू राहतील, अधूनमधून दाखवायला जायचं. एक व्यायाम शिकवणारी मुलगी येते, ती मला श्वास घ्यायला आणि ओटीपोट सैल सोडायला शिकवते. इतकी वर्षं मी ते मुठीसारखं आवळून धरलं होतं, हे मला माहीतच नव्हतं. मुलाचं काय, ते पुढे बघू. हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. पण परवा सकाळी मी अंथरुणातून उठले, खिडकीपर्यंत गेले, चहाचं पाणी ठेवलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की काहीच दुखत नाहीये. मी गॅस बंद करून नुसती उभी राहिले. बाकीच्या लोकांना सकाळी उठल्यावर असं वाटतं? रोज? मला त्यांचा जरा रागच आला. तुझ्याविषयीही मी डॉक्टरबाईंना विचारलं. पाळी गेल्यावर बऱ्याच जणींना आराम पडतो, पण सगळ्यांना नाही. तुला अजून कुठे दुखत असेल तर ‘आता या वयात काय’ असं म्हणू नकोस. त्या तुला बघायला तयार आहेत, आणि पेन खाली ठेवतात.

मावशी, हे सगळं मी फोनवर किंवा पुढच्या भेटीत सांगू शकले असते. पण आईला तुझ्यापर्यंत यायचं होतं आणि तिला रस्ता सापडत नव्हता. मधूनमधून तुला जे फोन येतात ना, ज्यात कुणी बोलत नाही, ते तिचे आहेत. तिने स्वतः लिहून बघितलं. ‘प्रिय’च्या पुढे गाडी सरकेना. शेवटी माझ्या पलंगाशी येऊन म्हणाली, ‘तू लिही. मला काय झालं होतं ते नको, तिला काय होत होतं ते लिही. मी नेऊन देते.’ म्हणून या पाकिटावर तिकीट नाही. पाकीट तुझ्या दाराखालून तिनेच आत सरकवलं आहे. बेल वाजवायची नाही असं तिने ठरवलंय. तुझं दार तिने आयुष्यात पुरेसं ठोठावलं, म्हणते. ती समोर, समुद्राच्या कठड्यावर बसली असेल, तुझ्या घराकडे पाठ करून, कारण तिचा स्वभाव तुला माहीत आहे. तू बोलावलं नाहीस तर संध्याकाळच्या बसने ती परत येईल आणि मी तिला काही विचारणार नाही. तुला तिला माफ करायचं नसेल तर करू नकोस, घाई नाही, इतक्या वर्षांचं आहे. पण आता तुला काय होत होतं ते तिला माहीत आहे, एवढं तुला कळावं म्हणून ती एवढ्या लांब आली आहे. भेटावंसं वाटलं तर खिडकीतून ‘ताई’ म्हणून हाक मार. जरा मोठ्याने मार. तिला हल्ली कमी ऐकू येतं.

तुझीच,
खारू